यंडुगुंडू

प्रश्न असा आला आहे: "जुन्या हिंदी विनोदी सिनेमांतल्या मद्रासी पात्रांवर लिहिताना मी 'त्यांचं यंडुगुंडू बोलणं' असं लिहिलं. माझ्या तमिळ शेजाऱ्यांना मराठी उत्तम येतं. त्यांना ते झोंबलं. हा शब्द मुळात कुठला? आणि तो आता शिव्यांत जमा करायचा का?"

आधी मुळाचं. 'यंडुगुंडू' (काही घरांत 'अंडुगुंडू') हा नादावरून झालेला शब्द. तेलुगूत 'एंदुकु' म्हणजे 'कशाला' आणि कानडीत 'गुंडु' म्हणजे गोल काहीतरी. त्यांचा खडखडाट त्यात उरला असेल, असा आपला माझा तर्क. पण शब्दाला कुठल्याच एका भाषेशी देणंघेणं नाही. तमिळ, तेलुगू, कानडी, मल्याळम आणि आमच्या कोपऱ्यावरच्या उडप्याची तुळू, सगळं यंडुगुंडूच! म्हणजे हे भाषेचं नाव नव्हेच, ऐकणाऱ्याच्या कानाचं आहे. ग्रीकांनीही परक्यांच्या बोलण्याला 'बर्‌बर्‌' ऐकून त्यांना 'बार्बारोस' ठरवलं होतं.

न कळण्यातून विनोद होतो, त्यात वाईट काही नाही. तुकोबांचा अभंग आठवा: 'कानडीनें केला मऱ्हाटा भ्रतार । एकाचें उत्तर एका न ये.' पुढे ती बायको नवऱ्याला 'इल बा' म्हणून हाक मारते. कानडीत 'इल्लि बा', म्हणजे 'इकडे ये'. नवऱ्याला वाटतं, हिने काहीतरी शपथच घातली, आणि तो पळत सुटतो. आता यात गंमत कुणाची झाली? बाई खरं कानडी बोलते आहे, अगदी घरगुती. हसं होतं ते न समजणाऱ्या मऱ्हाट्या नवऱ्याचं. तुकोबांनी तिच्या तोंडी यंडुगुंडू घातलं नाही. तीनच अक्षरांचे दोन शब्द, पण ते नीट कानावर घेतलेले.

आता 'पडोसन'. साल 1968. मेहमूदचा गाणंमास्तर: शेंडी, कपाळाला भस्म, लुंगी, 'अय्यो' आणि जीभ टाळूला आपटून म्हटलेले ट-ड. मेहमूद अफाट होता, मी आजही त्या जुगलबंदीला पोट धरून हसतो. (त्याच्यासाठी गायले मन्ना डे, म्हणजे मद्रासी मास्तरचा गळा बंगाली.) पण तो मास्तर बोलतो ती हिंदीच, वरून मसाला लावलेली. त्याचं गाव, त्याचं घर याची कुणाला पडलेली नाही. 'मद्रासी' म्हटलं की संपलं. तेव्हा मद्रास नावाचं राज्य निदान होतं तरी. ते 'तमिळनाडू' झालं 1969च्या जानेवारीत. शब्द मात्र केरळच्या नर्सपासून उडपी हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांना पुढेही चिकटून राहिला. आणि हेही विसरू नये की त्याच सुमारास आपल्या मुंबईत 'हटाव लुंगी'च्या घोषणा चालल्या होत्या. लुंगी तेव्हा नुसती हसण्याची गोष्ट नव्हती.

गंमत म्हणजे त्याच 1968 साली हॉलिवूडमध्ये 'द पार्टी' आला. त्यात पीटर सेलर्स हा इंग्रज नट तोंडाला तपकिरी रंग फासून भारतीय झाला. पात्राचं नाव: ह्रुंडी व्ही. बक्षी. बक्षी ठीक आहे, पण ह्रुंडी? बारशाला जमलेल्या बायका पाळणा सोडून पळतील. हे नावही कानानेच बनवलं आहे, 'भारतीय काहीतरी' वाटावं म्हणून. म्हणजे आपण दक्षिणेला जे केलं, ते त्यांनी आपल्या सगळ्यांना केलं. 'ह्रुंडी' हे त्यांचं यंडुगुंडू.

तेव्हा शब्द फेकून द्यावा असं मला वाटत नाही. नुसती शिवी म्हणून कोशात टाकला तर या नकलेला नेमकं नाव उरणार नाही, आणि पडद्यावरचं ते बोलणं खरोखरच यंडुगुंडू आहे: जगात कुणाचीच मातृभाषा नसलेलं. माणसांच्या भाषेला मात्र तो लावू नये. तिला तमिळ असेल तर तमिळ म्हणावं, माहीत नसेल तर विचारावं.

तुमच्या वाक्यात मला खटकलं ते 'यंडुगुंडू' नव्हे, त्याआधीचं 'त्यांचं'. तुमच्या मनात पात्रं होती, शेजाऱ्यांनी ते स्वतःवर घेतलं, आणि वाक्य दोन्हींना वाव देतं. 'मेहमूदचं यंडुगुंडू' असं लिहून त्यांना पुन्हा वाचायला द्या.