पालिकेच्या शाळेत घातलं, आता संगतीचं काय?

"मॅडम, मुलगी शिव्या शिकली हो!" माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या आईने खुर्चीत टेकायच्या आत सांगून टाकलं.

सई (नावं बदलली आहेत) दुसरीत आहे, मुंबई महापालिकेच्या सीबीएसई शाळेत. या शाळांना अर्ज इतके येतात की लॉटरी काढावी लागते. सईचा नंबर लागला तेव्हा घरात पेढे आले होते. फी नाही, वर दप्तर-बुटांसकट 27 वस्तू पालिकाच देते. वर्गात बँकेतल्या अधिकाऱ्याची मुलगी, रिक्षावाल्याचा मुलगा, सगळेच. "त्या मुलांत बसून आपलं मूल बिघडेल का?" हा प्रश्न मला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागा असलेल्या खासगी शाळांतले पालकही विचारतात.

गुळमुळीत उत्तर मी देत नाही. दिल्लीतल्या काही खासगी शाळांना 2007 पासून गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. त्या वर्गांचा अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सुखवस्तू मुलांच्या तोंडी अपशब्द वाढले, इंग्रजीचे गुण किंचित घसरले. हिंदी, गणित जागच्या जागी. आणि हीच मुलं जास्त उदार झाली; रिले शर्यतीला जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलणं कमी झालं.

"म्हणजे शिव्या खऱ्याच!" आई म्हणाली.

खऱ्याच. घरात चालणार नाही, हे एकदा शांतपणे सांगायचं आणि पाळायचं. (सिग्नलला बाबा काय बोलतात, तेही जरा ऐकायचं.) इंग्रजीसाठी रोज सोबत बसून मोठ्याने वाचायचं. एवढं पुरतं.

मग सईशी एकटीशी बोलले. तिने स्वतःच्या टॉवरचं चित्र काढलं, शेजारी शेजारी दोन लिफ्ट.

"ही आमची. आणि ही कुत्र्याची, सिलिंडरची आणि दिशाच्या आईची."

दिशा तिची बाकावरची मैत्रीण. तिची आई त्याच टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर धुण्याभांड्याला येते. सईला वाढदिवसाला दिशाला बोलवायचं होतं आणि घरात महिनाभर "बघू" चाललं होतं. चिडचिड, शिव्या, अभ्यासाचा कंटाळा, सगळं त्याच महिन्यातलं.

आईला चित्र दाखवलं. ती ओशाळली, मग म्हणाली, "नियम सोसायटीचा आहे. आणि सहाव्या मजल्यावरच्या काकू काय म्हणतील?"

काकू बोलणारच. पण सात वर्षांच्या मुलीला कोणती मैत्रीण घरी चालते, हे काकूंनी ठरवायचं का? मी सुचवलं ते साधं होतं: दिशाच्या आईला स्वतः फोन करा, दोघींना बोलवा. "गिफ्ट आणू नका" हे सगळ्याच पालकांना कळवा, म्हणजे तिला एकटीला ओढाताण नको. आणि त्या आल्या की तुम्ही गेटपर्यंत उतरा; वॉचमनशी बोलायची वेळ त्यांच्यावर आणू नका.

वाढदिवस झाला. वॉचमनने हटकलंच. "पाहुण्या आहेत आमच्या," असं म्हणून आईने त्यांना रहिवाशांच्या लिफ्टने वर नेलं. दोन दिवसांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नियमाची आठवण करून देणारा मेसेज पडला. पुढच्या भेटीला आई तो मेसेज घेऊनच आली. शिव्यांचा विषय निघाला नाही. ग्रुपवर काय उत्तर लिहायचं आणि खाली सही कुणाकुणाची घ्यायची, यातच आमचा तास गेला.