छोटं रिव्हॉल्व्हर रेंजवर पहिल्यांदा चालवताना काय जाणवतं? नवशिक्यानं त्यावरच सुरुवात करावी का?

मी टेक्सासमध्ये राहतो. गेल्या महिन्यात रुगर कंपनीचं एलसीआर हे छोटं रिव्हॉल्व्हर रेंजवर नेलं. २००९ साली बाजारात आलेलं हे मॉडेल, .३८ स्पेशल या प्रकारची पाच काडतुसं, वजन जेमतेम ३८० ग्रॅम. हातात घेतल्यावर हलकं म्हणून फार आवडतं. पहिला बार काढला की कळतं, धक्का जिरवायला वजनच नाही! दुसऱ्या फेरीनंतर माझ्या अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी लालबुंद झाली होती. १४८ ग्रेन वजनाच्या गोळीची वॉडकटर (सपाट तोंडाची, सौम्य धक्क्याची) काडतुसं भरली तेव्हा कुठे हात स्थिरावला. सरावाला तीच घ्या, +पी (जास्त दाबाची, जोरदार काडतुसं) नंतर बघू.

घोडा (काडतुसावर आघात करणारा हॅमर) आत झाकलेला आहे, तो अंगठ्यानं आधी मागे ओढता येत नाही, त्यामुळे प्रत्येक बाराला ट्रिगर पूर्ण लांब ओढावा लागतो. तो मऊ आहे, पण घाईत ओढलात तर नळी खाली जातेच. सात यार्डांवर माझ्या पहिल्या पाच गोळ्या कागदभर विखुरल्या. ट्रिगर सावकाश, एकसारखा ओढायला लागल्यावर त्या तळहाताएवढ्या जागेत आल्या.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो: पिस्तुलाच्या सवयीनं डाव्या हाताचा अंगठा पुढे ठेवू नका. सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) आणि नळीमधल्या फटीतून तापलेला वायू जोरात बाहेर पडतो, बोट भाजतं, चिरतंसुद्धा.

नवशिक्यानं यावर सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी चार इंची नळीचं, पोलादी, जड रिव्हॉल्व्हर रेंजवर भाड्यानं घ्या. डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि कानांना मफ लावायचेच.