ख्रिस्ती लोक देव एकच म्हणतात, मग पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तीन कसे? या ‘एक’चा अर्थ काय?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर देव एक, म्हणजे देवपण एक. ते तिघांत वाटलेलं नाही, प्रत्येकाकडे ते पुरतं आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, आणि तरीही देव तीन नाहीत. कुठलेही पाळकसाहेब इथवर सांगतील. मला मात्र तुमचा प्रश्न वाचून आमचे दाजी आठवले, त्यामुळे उत्तर लांबणार.

आम्ही कोल्हापूरचे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली इथे आले, त्यानंतरच्या कुठल्याशा पिढीत आमचं घर ख्रिस्ती झालं. वडिलांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला, डोक्यावर पाणी शिंपडून, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. थोरल्या बहिणीचे यजमानही आमच्यातलेच. पुढे ते एका नव्या मंडळीत जाऊ लागले. तिथली शिकवण अशी की देव एक, त्याचं नाव येशू. पिताही तोच, पुत्रही तोच, आत्माही तोच. बाप्तिस्मा फक्त ‘येशूच्या नावाने’ झाला तरच खरा, बाकीच्यांचा वाया गेला.

वडील गेल्यावर घरी प्रार्थनासभा होती. शेवटी नेहमीचं आशीर्वचन झालं: प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सहभागिता. सगळे आमेन म्हणाले, दाजी तोंड मिटून बसले. तेवढं मी सोडून दिलं असतं. पण चहा फिरत असताना ते आईला म्हणाले, “मामांचा बाप्तिस्मा चुकीच्या नावात झाला होता. मी सांगत होतो, त्यांनी ऐकलं नाही. तुम्ही तरी घेऊन टाका.” वडिलांची माती होऊन आठवडाही झाला नव्हता.

मग जे भांडण जुंपलं ते शेजारच्या तात्यांना बघवेना. ते पौर्णिमा न चुकवता नरसोबाच्या वाडीला जाणारे. मध्ये पडून म्हणाले, “आवो, कशाला भांडताय? आमच्या दत्तागत हाय की तुमचं. तोंडं तीन, देव एक.”

मी आणि दाजी एका दमात ओरडलो, “नाही, तसं नाही!” त्या संध्याकाळी आमचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

तात्यांचा हेतू चांगला होता, आणि हा प्रश्न कोल्हापुरात मला शाळेपासून विचारला जातो, म्हणून सांगतो. ब्रह्मा निर्माण करतो, विष्णू सांभाळतो, महेश लय करतो, अशी कामांची विभागणी त्रैक्यात, म्हणजे पिता-पुत्र-आत्मा या एका देवात, नाही. सृष्टी तिघांची, तारणही तिघांचं. वेगळेपण आहे ते नात्यात. पुत्र पित्यापासून, पण कुठल्या एका दिवशी जन्मला असं नव्हे, अनादिकाळापासून. आणि आत्मा पित्यापासून निघणारा. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचंच तर बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून वंदन करणारं संस्कृत स्तोत्र रचलं होतं. दत्तापेक्षा मला ते जवळचं वाटतं.

दाजींचा हुकमी एक्का वेगळा होता. “मी घरात बाप, हिच्यासमोर नवरा, इथं जावई. माणूस एकच ना?” ऐकायला झकास. हे उदाहरण संडे स्कूलमध्ये आपल्याच बायका सर्रास देतात, ते बंद व्हायला हवं. मी विचारलं, “दाजी, तुमच्यातला जावई तुमच्यातल्या बापाला कधी फोन लावतो का?” येशूचा बाप्तिस्मा होताना पुत्र पाण्यात आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि वाणी आकाशातून होतेय. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशू ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणतो. कुणाला म्हणतो? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं की येशूतला माणूस त्याच्यातल्या देवाशी बोलत होता. ठीक. मग योहानाच्या शुभवर्तमानातलं १७:५ उघडा. जग होण्यापूर्वी मला तुझ्याजवळ जे गौरव होतं, असं तो पित्याला म्हणतो. जग होण्यापूर्वी तो माणूस झालाच नव्हता, मग तेव्हा कोण कुणाजवळ होता?

दाजींना हे नवं प्रकटीकरण वाटतं. तिसऱ्या शतकात रोममध्ये सॅबेलियस हेच सांगत होता आणि त्याला मंडळीबाहेर काढलं होतं. आताची ‘फक्त येशू’वाली लाट १९१३ च्या सुमारास अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या, लोकांत उठली, आणि १९१६ साली त्यांच्यातल्याच असेंब्लीज ऑफ गॉड या संघटनेने त्रैक्याची बाजू घेतल्यावर ती माणसं वेगळी झाली.

आणखी एक थाप नेहमी ऐकू येते, की सम्राट कॉन्स्टन्टाईनने ३२५ साली नायसीयाच्या धर्मसभेत त्रैक्य बनवलं. तिथला वाद होता एरियसशी, जो पुत्राला निर्माण केलेला म्हणत होता. सम्राटाला त्रैक्याचं इतकं प्रेम असतं तर त्याच त्रैक्यासाठी झगडणाऱ्या बिशप अथनेशियसला त्याने हद्दपार केलं नसतं, आणि मरताना एरियसच्या पाठीराख्या बिशपकडून बाप्तिस्मा घेतला नसता.

राहिला ‘एक’चा अर्थ. त्याच योहान १७ मध्ये येशू शिष्यांसाठी मागतो की जसे आपण एक आहोत तसे त्यांनीही एक व्हावं. म्हणजे त्या एकपणात प्रीती आहे, एकमेकांत राहणं आहे. जगाच्या आधीही पिता पुत्रावर प्रीती करत होता. एकटाच असलेला देव प्रीती कुणावर करणार होता? माझ्या लेखी त्रैक्याचं सगळं मर्म यात आहे. आणि देवाच्या एकपणाचा झेंडा घेऊन विधवेच्या घरात फूट पाडायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते दाजींनी सांगावं.

आता त्यांच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर ताई रागावेल. प्रेषितांच्या कृत्यांत २:३८ ला ‘येशू ख्रिस्ताच्या नावाने’ बाप्तिस्मा घ्या असंच लिहिलंय, ते काही त्यांनी घरी बनवलेलं नाही. ‘त्रैक्य’ हा शब्द पवित्र शास्त्रात नाही, हेही खरं. आणि १ योहान ५:७ मधलं ‘स्वर्गात साक्ष देणारे तीन’ हे जुन्या भाषांतरांतलं वचन वादात वापरू नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसने पहिल्या दोन आवृत्त्यांत ते घेतलंच नव्हतं, १५२२ च्या आवृत्तीत घातलं. तिथे दाजी बरोबर होते. मी काही सेमिनरीत शिकलेलो नाही, जाणकारांनी चुकलेलं दुरुस्त करावं.

पण मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, ‘पापक्षमेसाठी एकच बाप्तिस्मा’ असं आम्ही म्हणतो, आणि वडिलांचा झालेला होता. आईचाही झालाय. ती पुन्हा घेणार नाही. ताई हे वाचत असेल तर तिनेच दाजींना सांगावं, म्हणजे दर सणाला तो विषय निघणार नाही.