खंड्यानंतर पुन्हा कुत्रा आणावा का?

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं एरंडवण्यात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. माझं वय ६५, ह्यांचं ७०. गेल्या वर्षी आमची मांजर सोनी गेली, यंदा खंड्या. सोनी म्हातारी होऊन झोपेतच गेली. खंड्याच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. इंजेक्शन द्यायचं ठरलं तेव्हा हे त्याला घेऊन गेले, माझ्याच्यानं जाववलं नाही. आता नाशिकची मुलगी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणायचं म्हणतेय, इसारही देऊन बसली आहे. मला घरात पुन्हा कुणीतरी हवं आहे, पण खंड्याला विसरल्यासारखं होईल का, असंही वाटतं. हे मात्र "पुन्हा नाही" एवढंच म्हणतात आणि उठून जातात. काय करावं?
– एक वाचक, एरंडवणे

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना "हे त्याला घेऊन गेले" या वाक्यापाशी मी थांबलो. दवाखान्यात हे मी फार वेळा पाहिलं आहे. एकाच कुत्र्यावर जीव टाकणारी घरातली दोन माणसं. शेवटच्या वेळी एक जण टेबलापाशी उभा राहतो, दुसऱ्याला ते बघवत नाही. काही महिन्यांनी घरी थांबलेल्याला पुन्हा पिल्लू हवंसं वाटू लागतं आणि टेबलापाशी उभा असलेला ठाम नकार देतो. त्याला त्या दिवशी काय दिसलं, हे घरात कुणी विचारलेलंच नसतं.

काय दिसतं ते सांगतो, कारण ते तुम्हालाही माहीत असायला हवं. बहुतेक वेळा आधी गुंगीचं औषध देतात आणि मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेतून. शुद्ध आधी जाते, श्वास आणि हृदय नंतर थांबतं. पण डोळे बहुधा उघडेच राहतात. प्राण गेल्यावरही एखाद-दुसरा खोल श्वास घेतल्यासारखी छाती हलते, पाय थरथरतात, लघवी होते. त्या वेळी जनावराला काहीच जाणवत नसतं, ती नुसती स्नायूंची हालचाल असते. डॉक्टरांनी हे आधी समजावून सांगितलं नसेल, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटतं की कुत्रा तडफडला, आपण त्याला फसवून आणलं. हे ओझं घेऊन माणसं वर्षानुवर्षं गप्प राहतात. तुमच्या यजमानांच्या मनात नेमकं हेच असेल, असं मी म्हणत नाही. पण पिल्लाचा विषय बाजूला ठेवून एकदा त्यांना त्या दिवसाबद्दल विचारा आणि ते बोलतील तेवढं ऐका. त्यानंतरही त्यांचं उत्तर "नाही"च असेल, तर ते मानायचं. घरातल्या एकाच्या मनाविरुद्ध आणलेल्या कुत्र्याचे हाल होतात, हे मी ठामपणे सांगतो.

विसरण्याची भीती मात्र सोडून द्या. नवं जनावर आलं की जुन्याच्या आठवणी उलट जास्त निघतात. "खंड्या पावसात खाली उतरायलाच तयार नसायचा, हा बघ कसा पळतो," असं तुम्हीच दिवसातून दहादा म्हणाल. फक्त नाव वेगळं ठेवा आणि खंड्यासारखाच दिसणारा शोधत बसू नका.

आता लॅब्रॅडॉर. मुलीची माया कळते, पण हे पिल्लू तुमच्या घरासाठी नाही. मोठं झाल्यावर त्याचं वजन २५ ते ३५ किलो होतं. या जातीत खुब्याचे आणि कोपराचे आजार नेहमीचे आहेत. म्हातारपणी त्याला उचलून तीन जिने कोण उतरवणार? शिवाय आज आणलेलं पिल्लू बारा-तेरा वर्षं जगलं, तर तुमचे यजमान तेव्हा ८२-८३ वर्षांचे असतील. इसार बुडाला तर बुडू दे. मुलीला आजच फोन करून सांगा.

दोघांचं मन झालंच, तर सहा-सात वर्षांचा, मध्यम बांध्याचा गावठी कुत्रा बघा. पुण्यात मालक परदेशी गेला किंवा घरमालकाने नको म्हटलं म्हणून बेघर झालेले असे कुत्रे कायम असतात. ते बहुधा घरात राहायला सरावलेले असतात, त्यांचा स्वभाव आधी पारखता येतो. पिल्लासारखं रात्री दोनदा उठावं लागत नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मंडळींना काही आठवडे कुत्रा सांभाळणारी घरंही हवी असतात. यजमानांना ते जमण्यासारखं आहे. परत द्यायची मुभा असली की माणूस मोकळेपणानं हो किंवा नाही ठरवू शकतो.

एक सावधगिरी. आपल्याकडे पावसाळ्यानंतर भटक्या कुत्र्यांची वीण होते आणि थंडीत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. त्या दिवसांत कळवळून एखादं उचलून आणू नका. त्याला थंडी वाजत असेल तर खाली पोतं घाला, खायला द्या, पण निर्णय घरी बसून घ्या.

खंड्याला कधी गोचीड ताप झाला होता का? झाला असेल तर कुत्रा आणण्याआधी भिंतींच्या फटी, दाराच्या चौकटी, सोफ्याच्या मागची बाजू साफ करून औषध मारून घ्या. गोचीड काही न खाता महिनोन् महिने फटीत तग धरते. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना तुम्हाला नवा नाही.

आणि आणण्याआधी मुलीला एक गोष्ट स्पष्ट विचारा: आम्हा दोघांना सांभाळणं झेपेनासं झालं, तर तू त्याला नाशिकला नेशील का? जावयांसमोर विचारा. दोघंही हो म्हणाले तर ते कागदावर लिहून, त्याच्या लसीच्या कार्डासोबत ठेवा. ते कचरले तर कुत्रा आणू नका. तात्पुरता सांभाळ मात्र तेव्हाही करता येईल.