रणरागिणी म्हणजे किती रन?

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी महिला क्रिकेटची कात्रणं वहीत चिकटवते. २ नोव्हेंबर २०२५ला आपण विश्वचषक जिंकल्यापासून वही नुसती फुगलीय. एक मथळा वाचून तिनं विचारलं, "आई, रणरागिणी म्हणजे किती रन?" आम्ही खूप हसलो. मग मी वही पुन्हा चाळली आणि त्या दुर्गा, वाघिणी, रणरागिणी मला खटकायलाच लागल्या. यजमान म्हणतात, कौतुकच केलंय की, तू उगाच खुसपट काढतेस. खरंच का हो?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, खुसपट कसलं! 'रणरागिणी' हा मथळा मी स्वतः कितीदा लावलाय, म्हणून सांगते. अठरा वर्षं एका दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर होते. रात्री साडेअकराला पान सोडायचं, बातमी एजन्सीची, सामना आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. अशा वेळी हा शब्द धावून येतो. पाच अक्षरं, कुठल्याही कॉलमात बसतात, आणि मैदानात काय झालं ते ठाऊक नसलं तरी चालतं! २०१२मध्ये पाटण्यात आपल्या मुलींनी कबड्डीचा विश्वचषक जिंकला, तोही आम्ही असाच निभावून नेला. चढाई कुणाची, पकड कुणाची, एक अक्षर नाही.

आता नवी मुंबईची फायनल बघा. सलामीची शेफाली वर्मा मुळात संघातच नव्हती, प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून आली. तिनं ८७ केल्या. मग कर्णधार हरमनप्रीतला काय वाटलं कोण जाणे, तिनं शेफालीच्या हातात चेंडू दिला, तर या बाईनं दोन विकेटही काढल्या. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वोल्वार्ट शतक करून उभी, आणि तिचा झेल अमनजोतच्या हातात उडतोय, निसटतोय, शेवटी कसाबसा बसतोय! एवढं सगळं घडलेलं असताना देवीला कशाला बोलवायचं?

आणि हे फक्त भाबड्या कौतुकाचं नाही. २०१७च्या विश्वचषकाच्या तोंडावर आपली तेव्हाची कर्णधार मिताली राज हिला कुणीतरी आवडता पुरुष क्रिकेटपटू विचारला. तिनं उलट विचारलं, हा प्रश्न पुरुषांना करता का? उत्तर फक्कड होतं, आम्ही सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. पण त्याच विश्वचषकात वनडेत सहा हजार धावा करणारी ती पहिली बाई ठरली, ते कितीजणांच्या लक्षात आहे? माझ्यासुद्धा नव्हतं.

यजमानांशी वाद घालू नका. त्यांना कपिलचे १७५ तोंडपाठ असतील; जेमिमाचे याच विश्वचषकाच्या सेमीफायनलमधले, ऑस्ट्रेलियाविरुद्धचे विचारा. (नाबाद १२७, तेही ३३९चा पाठलाग करताना. आधी पाठ करून ठेवा.)

मुलीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्या कात्रणावर फोटो फायनलमधल्या दीप्ती शर्माचा असेल, तर खाली पेनानं लिहून द्या : ५८ रन, ५ विकेट.