खटका वाजला, पण रॅम बसली का?

प्रश्न : नवा मदरबोर्ड घेतला. जुन्या बोर्डावर रॅमच्या स्लॉटला दोन्ही टोकांना क्लिपा होत्या. याला फक्त वरच्या टोकाला आहे, खाली नुसता प्लास्टिकचा उभा भाग. सदोष माल तर गळ्यात मारला नाही ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : माल ठीक आहे, स्लॉटची रचनाच तशी आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये रॅमचे स्लॉट प्रोसेसरच्या उजवीकडे असतात आणि त्यांचं खालचं टोक ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटजवळ येतं. कार्ड लांब असलं की त्याची पाठ खालच्या क्लिपांना टेकते. मग रॅम बदलायची म्हणजे आधी कार्डाचे स्क्रू, केबल, सगळं सोडवा. हा व्याप टाळण्यासाठी खालची क्लिप काढून टाकली गेली. एसुस या रचनेला ‘क्यू-डिम’ म्हणते, इतर कंपन्यांच्या बोर्डांवरही ती दिसते. खालच्या उभ्या भागाच्या आत एक उंचवटा असतो, तो रॅमच्या कडेच्या खाचेत अडकतो.

क्लिपची कामं दोनच. वरचा कान रॅम जागेवर धरतो आणि क्लिप उघडली की तळाचा पाय रॅमला खालून उचलतो. विजेच्या जोडणीशी तिचा संबंध नाही. ती जोडणी स्लॉटच्या आतल्या बारीक स्प्रिंगसारख्या पिना करतात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला मात्र आमच्या मते जुनी दोन क्लिपांची रचनाच बरी. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : ८ जीबीच्या दोन डीडीआर४ (रॅमची एक पिढी) पट्ट्या बसवल्या. ‘कट्’ असा आवाज दोन्हींचा आला. पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही आणि बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा पेटून राहतो. एकाच बाजूची क्लिप आहे. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आवाज आला म्हणजे क्लिप बंद झाली, एवढंच कळतं. एकाच बाजूला क्लिप असते तेव्हा क्लिपचं टोक पूर्ण बसून दुसरं टोक मिलिमीटरभर वर राहू शकतं. दोन क्लिपांच्या स्लॉटमध्ये ती उघडी राहिलेली क्लिप चुगली करते, इथे तसं कुणी सांगणारं नाही. त्यामुळे डोळ्यांनीच बघायचं. बाजूने बॅटरी मारा. रॅमची खालची कड स्लॉटच्या तोंडाशी सगळीकडे समांतर हवी. एका टोकाला सोनेरी पट्टे जास्त दिसत असतील तर ते टोक बसलेलं नाही.

परत बसवताना आधी एसएमपीएसचं (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचं) बटण बंद करून वायर काढा आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. बोर्डावरचा एखादा दिवा लागलेला दिसत असेल तोवर रॅमला हात लावू नका. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवा. क्लिप पूर्ण उघडा. रॅमची खाच आणि स्लॉटमधला दांडा जुळवा. डीडीआर४ची खाच मध्याच्या इतकी जवळ आहे की उलटी धरलेली पट्टीही पटकन सुलटीच वाटते. आता क्लिप नसलेलं टोक आधी खाचेत सरकवा, मग दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. दाब आधी क्लिप नसलेल्या टोकावर, शेवटी क्लिपच्या टोकावर. क्लिप आपोआप बंद व्हायला हवी. ती बोटाने ओढून लावावी लागली तर रॅम अजून वरच आहे. दाबताना बोर्ड वाकत असेल तर त्याखालचा एखादा स्टँडऑफ (बोर्डाला आधार देणारा छोटा खांब) बसवायचा राहिला आहे. तो लावा आणि मगच जोर द्या.

तरीही दिवा विझला नाही तर जागा तपासा. चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात. घरगुती बोर्डांवर बहुधा प्रत्येक वाहिनीची (प्रोसेसर आणि रॅममधल्या स्वतंत्र मार्गाची) तार जवळच्या स्लॉटमधून पुढे लांबच्या स्लॉटपर्यंत जाते. लांबचा रिकामा राहिला तर तारेच्या मोकळ्या टोकावरून सिग्नल परत उसळतो आणि वेग वाढला की चुका होतात. मग एकच पट्टी ए२मध्ये घालून चालवून बघा, नंतर दुसरी.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात रॅमचे सोनेरी पट्टे मळकट होतात. दुकानांतली रीत म्हणजे खोडरबर. मऊ पांढरा चालेल, शाईचा खरखरीत नको, कारण सोन्याचा थर फार पातळ असतो. त्याचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. त्यापेक्षा सुती कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलेलं चांगलं.

डीडीआर५ वाल्यांनी एक लक्षात ठेवावं. पहिल्यांदा सुरू करताना रॅमचं ‘ट्रेनिंग’ (बोर्ड आणि रॅम यांचं सिग्नल जुळवणं) चालतं आणि स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. घाईने बंद करून रॅम उपसू नका. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना आणि लांबी तीच, फक्त खाच थोडी सरकलेली. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी रेटली तर आतला दांडा तुटतो.

प्रश्न : रॅम काढताना क्लिपचा कान तुटला. दुकानदार म्हणतो, बोर्डच बदला. – एक वाचक, लातूर

उत्तर : घाई करू नका. टेबलावर स्थिर राहणाऱ्या संगणकात स्लॉटमधल्या पिनांची पकडच रॅम धरून ठेवते. रॅम पूर्ण बसवा आणि काही तास मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. चूक दाखवली नाही तर वापरा. घर बदलताना किंवा गाडीतून नेताना मात्र रॅम काढून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा.

क्लिप बदलताही येते. तिच्या दोन्ही अंगांना बारीक गोळे असतात, ते स्लॉटच्या भिंतींतल्या भोकांत बसतात. क्लिप पूर्ण उघडून पातळ प्लास्टिकच्या कार्डाने एक भिंत केसभर फाकवली की ती वर निघते. बंद पडलेल्या बोर्डावरची क्लिप घ्या, पण त्याच पिढीच्या आणि त्याच कंपनीच्या स्लॉटची. लोटेस, फॉक्सकॉन असं नाव बहुतेकदा स्लॉटवरच कोरलेलं असतं. फेविक्विक चुकूनही नको. ते पाण्यासारखं वाहत पिनांपर्यंत जातं आणि मग स्लॉट कायमचा गेला. टोकाच्या भिंतीलाच तडा असेल तर तो स्लॉट सोडून द्या. २८८ जोड उकलून नवा स्लॉट बसवणं घरगुती बोर्डाला परवडत नाही.

कान तुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे क्लिप जिथे थांबते त्याच्याही पुढे ढकलणं. शिवाय उष्णतेने जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतंच.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये रॅम सारखी उडी मारून वर येते. – एक वाचक, म्हापसा

उत्तर : तिथे बाजूला धातूचे दोन बाहू असतात. एखादा स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यामुळे वाकला असणार. रॅम साधारण ३० अंशांत तिरकी धरून सोनेरी पट्टे जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत आत ढकला, मगच खाली दाबा. अर्धवट घुसलेली रॅमही अशीच वर येते. तसं नसेल तर बाहू चिमट्याने अगदी थोडा आत वळवा, तोही एकदाच. परत परत वाकवला तर तुटतो. काढताना दोन्ही बाहू नखांनी बाहेर सारायचे, रॅम आपोआप वर येते.

प्रश्न : क्लिपा कायमच्या जाणार असं ऐकलं. खरं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : पर्याय आला आहे. कॅम२ या आडव्या रॅमचं मानक जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३मध्ये प्रसिद्ध केलं आणि २०२४च्या तैपेईतल्या कॉम्प्युटेक्स या संगणक प्रदर्शनात एमएसआयने ती बसणारा डेस्कटॉप बोर्ड दाखवला. यात स्लॉट नाही. रॅम बोर्डावर सपाट ठेवून स्क्रूने आवळायची, मधला जोड दाबाने जुळतो. क्लिप तुटायची भीती गेली, पण स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावे लागतात. एकच आधी घट्ट केला तर दाब एका बाजूला पडतो.