सुपरनॅचरलच्या कादंबऱ्या: आधी मालिका, मग पुस्तक

‘सुपरनॅचरल’ या भुताखेतांच्या अमेरिकी मालिकेचा दुसरा सीझन संपवलास ना? मग खुशाल ‘नेव्हरमोअर’ उचल. 2007 ची ही कादंबरी त्याच सीझनच्या काळात घडते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एडगर ॲलन पो या जुन्या अमेरिकी लेखकाच्या कथांबरहुकूम खून पडतात आणि मालिकेतले भूतशिकारी भाऊ सॅम-डीन तिथे येऊन थडकतात. पो ब्राँक्समधल्या फोर्डहॅमला खरंच राहायचा, त्याचं घर आजही जपलेलं आहे; त्यामुळे जागा उगाच चिकटवल्यासारखी वाटत नाही.

‘बोन की’ मात्र तिसऱ्या सीझनमधली आहे, तिथवर पोचल्याशिवाय हात लावू नकोस. पुस्तकांचा आपसातला क्रम चुकला तर काही बिघडत नाही, मालिकेतली जागा तेवढी सांभाळ.

मोठ्या उलथापालथीची अपेक्षाही नको. मूळ कथेला धक्का लावायचा नाही, ही मालिकेवर बेतलेल्या अशा लेखनाची अटच असते. दोघं भाऊ पुस्तकाच्या शेवटी जिवंत राहणारच! खरी गंमत त्यांच्या गाडीतल्या भांडणांत.